जुन्नर परिसरातील इस्लामी विज्ञानपरंपरा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. सातवाहनकालीन लेणी, नाणेघाट आणि शिवनेरी यांमुळे हा परिसर इतिहासात प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकापासून सु. तीनशे वर्षे तो बहमनी, निजामशाही व मोगल या सत्तांखाली होता. या काळात मध्ययुगीन इस्लामी जगात वाढलेल्या विज्ञानाचे, वैद्यकाचे व तंत्रविद्येचे काही प्रवाह येथे येऊन मिळाले. येथे वेधशाळा उभारली गेल्याचा किंवा एखादा मोठा ज्योतिषी वा हकीम निर्माण झाल्याचा दाखला नाही. तथापि कागद, कालगणना आणि औषधिविद्या या तीन मार्गांनी त्या परंपरेने लोकव्यवहारात प्रवेश केला. दरबारी आश्रयावर उभ्या असलेल्या विद्या राजवटीबरोबर लोपल्या. कारागिराच्या, कारकुनाच्या व वैदूच्या हाती गेलेले ज्ञान मात्र राज्ये बदलल्यावरही टिकून राहिले. या दृष्टीने जुन्नर परिसराचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

पार्श्वभूमी : आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बगदाद येथे ग्रीक, सिरियाक, पहलवी व संस्कृत ग्रंथांचे अरबी अनुवाद होऊ लागले. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील ज्योतिर्गणित इ. स. ७७० नंतरच्या काही वर्षांतच ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत उतरले. हारून अल्-रशीद (कार. ७८६–८०९) याच्या काळात सुश्रुतसंहितेचा अनुवाद झाला. अल्-ख्वारिज्मीने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि बीजगणिताची पद्धतशीर मांडणी केली. अल्-राझी (सु. ८६५–९२५) याने देवी व गोवर या रोगांची लक्षणे वेगवेगळी वर्णिली. इब्न सीना (९८०–१०३७) याचा अल्-कानून फि-अल्-तिब्ब हा पाच भागांचा वैद्यकग्रंथ आशिया व यूरोप या दोन्ही खंडांत अनेक शतके पाठ्यग्रंथ होता. इब्न अल्-हैथम (९६५–सु. १०४०) याने प्रकाशाचा अभ्यास प्रयोगांच्या आधारे केला, तर इब्न अल्-नफीस (मृ. १२८८) याने हृदयाच्या उजव्या भागातील रक्त फुप्फुसांमार्गे डाव्या भागात जाते, असे प्रतिपादन केले. या कार्यात अरब, इराणी, तुर्क, ज्यू, सिरियाक ख्रिस्ती इ. अनेक समाजांच्या विद्वानांचा वाटा होता. ‘इस्लामी विज्ञान’ ही संज्ञा त्या संस्कृतीच्या छत्राखाली वाढलेल्या विज्ञानाला उद्देशून वापरतात.

दख्खनमध्ये १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाल्यावर इराण, गीलान, खोरासान इ. प्रदेशांतील पुष्कळ लोक नोकरी व व्यापार यांनिमित्त चौल, दाभोळ यांसारख्या बंदरांतून घाटावर येऊ लागले. नाणेघाटाच्या माथ्याजवळचे जुन्नर हे या वाटांवरील महत्त्वाचे ठाणे होते. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी सु. १४७० मध्ये चौलहून जुन्नरला आला व पावसाळ्यातील सु. दोन महिने येथे राहिला. बहमनी राज्यातील सत्ताधारी वर्गात खोरासानी लोकांचे प्राबल्य असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. बहमनी वजीर महमूद गावान हा मूळचा गीलानचा. त्याने प्रांतांची पुनर्रचना केली, तेव्हा दौलताबाद तरफेतून जुन्नरची स्वतंत्र तरफ करण्यात आली. पुढे येथील सुभेदार मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाहीची स्थापना केली व त्यानंतर काही वर्षांनी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) वसवून राजधानी तेथे नेली. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरच्या काळात जुन्नर पुन्हा काही वर्षे निजामशाहीचे मुख्य ठाणे होते.

दरबारी विज्ञान : बहमनी सुलतान फिरोजशाह (कार. १३९७–१४२२) याला गणित व ज्योतिष यांची आवड होती. त्याने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळेचे बांधकाम सुरू केले. हकीम हसन गीलानी हा या कामातील प्रमुख ज्योतिषी होता. त्याच्या मृत्यूमुळे वेधशाळा अपुरीच राहिली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्याच शतकात समरकंद येथे उलूग बेगची वेधशाळा उभी राहिली व तिच्यातील वेधांवरून प्रसिद्ध तारासूची तयार झाली. दख्खनमध्ये मात्र एका व्यक्तीच्या मृत्यूबरोबर सारा उपक्रम थांबला. शिष्यपरंपरा, ग्रंथसंग्रह व स्थिर उत्पन्न यांचे पाठबळ नसलेल्या विद्येची स्थिती किती नाजूक असते, हे या उदाहरणावरून दिसते. गावानने १४७२ मध्ये बीदर येथे मद्रसा बांधून तेथे मोठा ग्रंथसंग्रह केला. परंतु १४८१ मध्ये त्याचा वध झाला आणि लवकरच बहमनी राज्यही विघटित झाले.

कागद : या परंपरेचा जुन्नरमधील सर्वांत ठळक अवशेष म्हणजे हातकागद होय. कागद करण्याची कला मूळची चीनची. इ. स. ७५१ मधील तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कारागिरांकडून ती समरकंदच्या मुसलमानांनी घेतली, अशी परंपरागत कथा आहे. मात्र मध्य आशियात त्यापूर्वीही कागद वापरात असल्याचे पुरावे मिळाले आहेत. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदाद येथे कागद तयार होऊ लागला. चर्मपत्र महाग व पपायरस नाशवंत असल्यामुळे विपुल ग्रंथलेखनास ही साधने अपुरी पडत. कागदामुळे ग्रंथांच्या अनेक प्रती करणे, त्या दूरदेशी पाठविणे व त्यांवर टीका लिहिणे सुलभ झाले. वर उल्लेखिलेल्या अनुवादकार्याचा विस्तार कागदाच्या उपलब्धतेशी निगडित होता. तुर्की–इराणी सत्तांच्या काळात ही कला भारतात रुजली. दख्खनमध्ये दौलताबादजवळचे कागझीपुरा हे तिचे एक जुने केंद्र होय. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा दिल्लीकडील कारागीर तेथे आले, अशी तेथील परंपरा आहे.

जुन्नर येथे ‘कागदी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान कारागिरांनी हा व्यवसाय केला. कुकडीचे पाणी, बाजारपेठेत मिळणारा टाकाऊ गोणपाट व कापड आणि सरकारी दप्तरांकडून असणारी मागणी या गोष्टी त्यास अनुकूल होत्या. पेशवाईत दौलताबादी, अहमदाबादी इ. कागदांप्रमाणेच ‘जुन्नरी कागद’ हे नावही प्रचारात होते. पुणे शहरातील कसबा पेठेतही कागदी लोकांची वस्ती झाली व ती कागदीपुरा म्हणून ओळखली जाऊ लागली.

दख्खनमधील हातकागदाची कृती स्थूलमानाने पुढीलप्रमाणे होती : चिंध्या, जुने दोर, गोणपाट इ. माल बारीक तोडून पाण्यात भिजवीत. चुना व खार मिसळून तो अनेक दिवस मुरत ठेवीत व नंतर पायाने चालविण्याच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटीत. कुटलेला माल नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन पुन्हा कुटीत; हा क्रम लगदा मऊ व पांढरट होईपर्यंत चाले. मग हौदातील पाण्यात लगदा कालवून गवताच्या काड्यांची बारीक चटई बसविलेली लाकडी चौकट त्यात बुडवून अलगद वर काढीत. पाणी निथळल्यावर चटईवर तंतूंचा सारखा थर राही. असे ताव एकावर एक रचून दाबाखाली ठेवीत व नंतर गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावून गुळगुळीत दगडाने अथवा कवडीने घोटीत. खळीमुळे शाई फुटत नसे व घोटल्यामुळे बोरू अडखळत नसे. खळीला कीड लागण्याचा धोका असल्याने काही कागदांना विषारी पिवळी हरताळ लावीत. चुकलेला मजकूर झाकण्यासाठीही हरताळ वापरीत. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे.

या कागदाच्या टिकाऊपणाची कारणे रासायनिक आहेत. ताग, अंबाडी, कापूस यांचे तंतू लांब असतात आणि लाकडाच्या कच्च्या लगद्यात आढळणारे लिग्निन त्यांत तुलनेने कमी असते. चुन्याच्या प्रक्रियेमुळे कागदात अल्कधर्मी अंश राहतो व तो हवेतील अम्लांचा परिणाम मंदावतो. याउलट एकोणिसाव्या शतकात प्रचारात आलेल्या यंत्रनिर्मित कागदात राळ व तुरटी यांचा वापर केलेला असे. तुरटीमुळे उत्पन्न होणारे अम्ल तंतूंची झीज करते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची छापील पुस्तके हात लावताच तुटतात, तर त्याहून दुप्पट जुनी मोडी कागदपत्रे घडी उलगडून वाचता येतात.

मराठी भाषेतील लेखनविषयक शब्दसंपत्तीतही या परंपरेच्या खुणा आहेत. कागद, शाई, दस्ता हे शब्द फार्सीतून, तर कलम, दौत हे मूळ अरबी शब्द फार्सीद्वारा मराठीत आले. दप्तर या शब्दाचा प्रवासही फार्सीतूनच झाला आहे. लेखनसाधनांबरोबर त्यांची नावेही आली आणि मराठीने ती आपलीशी केली.

कालगणना : हिजरी वर्ष चांद्र असून त्याचे सु. ३५४ दिवस होतात. ते सौर वर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असल्याने ३२ सौर वर्षांत हिजरीची ३३ वर्षे पूर्ण होतात. जमीनमहसूल पिकांवर आणि पिके ऋतूंवर अवलंबून असल्यामुळे हिजरी सनाने वसुलीचा हिशेब ठेवणे अडचणीचे होते. यावर तोडगा म्हणून हिजरी सनाचा अंक कायम ठेवून पुढील गणना सौर मानाने करण्याची पद्धत दख्खनमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. हिलाच शुहूर सन, अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. शुहूर हा ‘महिना’ या अर्थाच्या अरबी शब्दाचे अनेकवचनी रूप आहे. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी हे वर्ष सुरू होते. म्हणजे संवत्सराचा अंक अरबस्तानातला, गणना सूर्याची आणि वर्षारंभ मात्र मावळातल्या शेतकऱ्याच्या पेरणीचा, असा येथे मेळ घातला गेला. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. दख्खनमधील फसली सन हा याच गरजेतून मोगल अमदानीत, शाहजहानच्या काळात रूढ झाला. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

मराठी कागदपत्रांत शुहूर सन अंकांनी न लिहिता अरबी संख्याशब्दांनी लिहीत. इहिदे (१), इसन्ने (२), सलास (३), आर्बा (४), खमस (५) इ. एककाचे शब्द प्रथम, नंतर दशक, शतक व शेवटी अलफ (१,०००) असा क्रम असे. उदा., ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे ५ + ७० + १,००० = १०७५. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, तो याच सनाच्या आरंभी. राज्याभिषेकाबरोबर नवा शक सुरू झाला आणि राज्यव्यवहारकोशाच्या द्वारे फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तरीही महसुली व्यवहारात शुहूर सन पेशवाईच्या अखेरपर्यंत वापरात राहिला. पाटील–कुलकर्ण्यांच्या दप्तरांपर्यंत तो पोहोचलेला असल्याने जुन्नर, आंबेगाव भागांतील जुन्या कागदपत्रांचा काळ ठरविताना त्याचे ज्ञान आवश्यक असते.

वैद्यक : इस्लामी जगातील वैद्यकाचा पाया ग्रीक असल्याने भारतात त्यास यूनानी असे नाव पडले. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते, असे हे शास्त्र मानते. हा सिद्धांत आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने मागे टाकला आहे. तथापि रुग्णाचे निरीक्षण, रुग्णालयांची व्यवस्था, शस्त्रक्रियेची उपकरणे व औषधिनिर्माण यांबाबत या परंपरेने केलेले काम वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. अलाउद्दीन अहमदशाह बहमनी (कार. १४३६–५८) याने बीदर येथे रुग्णालय स्थापून त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली. तेथे मुसलमान व हिंदू असे दोन्ही वैद्य नेमलेले होते. बुरहान निजामशाहाच्या कारकिर्दीत रुस्तम जुर्जानी या वैद्याने जखीरा-इ-निजामशाही हा फार्सी ग्रंथ लिहिला. निजामशाहीत वाढलेला व १५८९ मध्ये विजापूरला गेलेला फिरिश्ता इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असला, तरी तो वैद्यही होता. भारतीय वैद्यकाची माहिती फार्सी वाचकांना व्हावी म्हणून त्याने दस्तूर-अल्-अतिब्बा या ग्रंथाची रचना केली.

या देवघेवीचे जुन्नर–आंबेगावशी प्रत्यक्ष नाते सांगणारी वनस्पती म्हणजे हिरडा. या तालुक्यांच्या पश्चिमेकडील जास्त पावसाच्या डोंगरपट्ट्यात, आहुपे, घाटघर, भीमाशंकर या बाजूच्या रानांत हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणात आहेत. महादेव कोळी समाजाला त्याच्या फळांपासून रोख उत्पन्न मिळते. कोवळेपणी तोडून वाळविलेल्या काळ्या फळांना बाळहिरडा म्हणतात. आयुर्वेदातील ‘हरीतकी’ ती हीच. हे औषध भारतातून इराण व अरब देशांत गेले आणि फार्सीत हलीला, अरबीत इहलीलज या नावांनी तेथील औषधकोशांत दाखल झाले. अली इब्न रब्बान अल्-तबरी याने ८५० मध्ये पूर्ण केलेल्या फिरदौस अल्-हिकमा या ग्रंथात भारतीय वैद्यकासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. इब्न सीनाच्या ग्रंथातील एकेरी औषधांच्या भागातही हिरडा आढळतो. हिरडा, बेहडा व आवळा यांच्या मिश्रणाचे ‘त्रिफळा’ हे नाव अरबीत ‘इत्रीफल’ झाले व त्यावरून यूनानी औषधांचा एक वर्गच ओळखला जाऊ लागला. पुढे हकिमांबरोबर इत्रीफल दख्खनमध्ये परत आले. ज्या रानांत मूळ द्रव्य उगवते, तेथेच ते परक्या नावाने आणि नव्या अनुपानासह परतले, असे म्हणता येईल. यूनानी वैद्यकात बाळहिरड्याला हलीला-सियाह, म्हणजे काळा हिरडा, अशी स्वतंत्र संज्ञा आहे.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा बुरहान निजामशाहाशी निकटचा परिचय होता व तेथील हकिमांशी त्याने औषधींविषयी चर्चा केल्या होत्या. गोवा येथे १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने हिरड्याच्या वर्गातील फळांवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. यूरोपीय विद्यापीठांत इब्न सीनाचे ग्रंथ शिकलेल्या या वैद्याला, त्या ग्रंथांतील अनेक द्रव्ये मूळ झाडांवर पाहण्याची संधी येथेच मिळाली. आणि पुस्तकी वर्णने प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचा आग्रह त्याच्या लेखनात दिसतो.

लोकव्यवहारातील मराठीत इलाज, तब्येत, दवा, मलम, जुलाब, अर्क, सरबत, जखम, हकीम हे शब्द याच संपर्कातून आले. जुलाब हा शब्द मूळ गुलाबपाण्याच्या पाकाचा वाचक होता. रेचक औषध अशा पाकातून देत असल्याने त्यास पुढे आजचा अर्थ प्राप्त झाला.

वास्तू व जलव्यवस्था : जुन्नरजवळच्या हापूसबाग येथील सौदागर घुमट ही इमारत आणि शिवनेरीवरील दोन मिनारांना जोडणारी उंच कमान असलेली मशीद यांतून या परिसरातील नवे बांधकामतंत्र दिसून येते. सपाट तुळयांऐवजी कमानींवर भार पेलणे, चौरस पायावरून वर्तुळाकार घुमटाकडे जाणे व चुन्याच्या पक्क्या बांधकामाने दगड सांधणे यांसाठी व्यावहारिक भूमितीचे ज्ञान लागते. पाण्याच्या बाबतीत मात्र येथील चित्र वेगळे आहे. जमिनीखालील नळाने पाणी आणण्याच्या इराणी पद्धतीवर अल्-कराजी या गणितज्ञाने अकराव्या शतकाच्या आरंभी ग्रंथ लिहिला होता. बीदर येथे आणि मलिक अंबरने वसविलेल्या खडकी (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे अशा भूमिगत जलयोजना करण्यात आल्या. शिवनेरीवर मात्र प्राचीन काळी खडकात खोदलेली टाकी पुरेशी असल्याने नव्या राजवटींनी त्यांचाच वापर चालू ठेवला. स्थानिक व्यवस्था समर्थ असेल, तेथे बाहेरचे तंत्र स्वीकारण्याची गरज भासली नाही.

ऱ्हास व सद्यःस्थिती : पेशवाईच्या अस्तानंतर दप्तरांची मागणी घटली आणि स्वस्त यंत्रनिर्मित कागद बाजारात आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ मुंढवा येथेही कागदाची गिरणी सुरू झाली. अशा स्थितीत जुन्नरच्या कागदी लोकांचा व्यवसाय टिकला नाही. स्वदेशी व ग्रामोद्योग चळवळींच्या काळात हातकागदाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले व १९४० मध्ये पुणे येथे हातकागद संस्था स्थापन झाली. परंतु जुन्नरचा जुना धंदा त्यामुळे पूर्वपदावर आला नाही. शुहूर सन व्यवहारातून गेला आणि अभ्यासकांपुरता उरला. हिरड्याची वेचणी मात्र आजही चालू आहे.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रामुख्याने हातकागदावर लिहिलेली आहेत. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात त्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या अभ्यासात आतापर्यंत मजकुरावर भर राहिला. कागदाचे तंतू, खळ व चटईच्या काड्यांच्या खुणा यांचे परीक्षण केल्यास तो कोणत्या प्रकारच्या मालापासून व कोणत्या पद्धतीने तयार झाला, याचा अंदाज करता येतो. ज्या कारागिरांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत, त्यांच्या कौशल्याची नोंद अशा रीतीने त्यांनीच तयार केलेल्या तावांत सुरक्षित राहिली आहे.